येथे बंदर होते

मला त्या दगडाकडे बघवत नाही. काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात एक होडी कोरलेली. होडी कसली, केळं आहे ते. खाली चार ओळी आहेत आणि त्या माझ्या आहेत. "येथे पूर्वी कोळी बांधवांचे गजबजलेले बंदर होते." अशी सुरुवात. नाव माझं नाही टाकलं, तेवढे उपकार. संध्याकाळी टॉवरमधली माणसं कुत्री फिरवायला येतात, दगडासमोर उभी राहून फोटो काढतात, मागे खाडी यावी म्हणून माना वाकड्या करतात. मला वाटतं, एकेकाचा मोबाइल घ्यावा आणि चिखलात रुतवावा. साठी उलटलेल्या, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही, कळतं मला. पण वाटतं ते वाटतं.

आमचा कोळीवाडा ठाण्याला, खाडीच्या काठावर. ते माझं माहेर. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले आणि तिथल्याच एका शाळेतून निवृत्त झाले. वाड्यात आता माझा मोठा भाऊ असतो, त्याला मी दादूस म्हणते, आणि वहिनी. दादूसकडे एक होडी आहे. भरती-ओहोटी बघून तो खाडीत जातो, कोलंबी, बोय, चिंबोऱ्या, जे मिळेल ते आणतो आणि वहिनी नाक्यावर पाटी घेऊन बसते. आमच्या सोसायटीतल्या बायका मला विचारतात, "खाडीत अजून मासे मिळतात?" त्यांच्यासाठी खाडी म्हणजे पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायची जागा. दादूसला विचारलं तर तो म्हणतो, कमी झालेत, संपले नाय.

होडी लावायला जागा एकच. दोन रिक्षा शेजारी उभ्या राहतील एवढा उतार, खाली चिखल, चिखलात बसवलेले जुने दगड. दोन्ही बाजूंना तिवरांचं रान, आणि तिवरं तोडायची सोय नाही, कायदा आहे. म्हणजे हा उतार गेला तर होडी वर ओढायला दुसरीकडे जागा नाही, आणि जागा नाही तर होडी नाही, आणि होडी नाही तर दादूसनं काय करायचं ते मला माहीत नाही. त्याला दुसरं काही येत नाही. या उताराला आम्ही बंदर म्हणतो. बाहेरच्या माणसाला हसू येतं. बंदर म्हटलं की त्याला क्रेन आणि जहाजं दिसायला हवीत. हसू दे. आमच्या आजोबांच्या आजोबांनी त्याला बंदर म्हटलं आणि आम्ही पण तेच म्हणतो.

वाड्यामागे टॉवर उभे राहिले तशी एक उत्सव समिती उभी राहिली. आधी गणपती, मग नवरात्र, मग दहीहंडी, आणि हे सगळं झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्या दारातच कोळी राहतात, तर नारळी पौर्णिमा का सोडा. अध्यक्षांचा टँकरचा धंदा आहे. स्वतःला भूमिपुत्र म्हणवतात, कुठल्या भूमीचे ते मला अजून कळलेलं नाही. त्यांचं स्वप्न एकच, टेंभी नाक्याच्या दहीहंडीला होते तशी गर्दी आपल्याकडे व्हावी. गर्दी झाली की झाला सण.

आमच्याकडे नारळी पौर्णिमेला गर्दी नसायची. घरोघरी नारळीभात, होडीला हळद-कुंकू, आणि दुपारची भरती वर आली की होडीतून थोडं आत जायचं आणि नारळ पाण्यात सोडायचा. सोडायचा, फेकायचा नाही. आई आमचे हात धरून शिकवायची, बाळाला पाळण्यात ठेवतात तसा ठेव. परत यायचं, भावाला राखी बांधायची, जेवायचं. एवढाच सण. त्याला ना माइक लागायचा ना अध्यक्ष.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात हे अध्यक्ष माझ्या डोंबिवलीच्या घरी आले. हातात काजूकतलीचा डबा, सोबत दोन माणसं, त्यातला एक फक्त फोटो काढायला. "मॅडम, यंदा स्मरणिका काढतोय," म्हणाले. "परिसराचा इतिहास तुमच्याशिवाय कोण लिहिणार? तुम्ही इथल्या मातीतल्या, आणि भाषा तुमची एवढी शुद्ध."

ते शेवटचं ऐकलं आणि मी पाघळले. लपवत नाही. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी स्टाफरूममध्ये 'शाळा' ऐवजी 'शाला' म्हणाले होते आणि दोन बाया एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. आमच्या बोलीत ळ नाही, ण नाही. नारल, होली, पानी, आणि होडीची होरी. त्या दिवशी घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि 'कमळ, सकाळ, आभाळ' असं घोकत बसले. वर्षभरात बोलणं असं घासून काढलं की त्याच बाया मला शुद्धलेखन विचारायला यायला लागल्या. तेव्हा ज्या माणसानं माझ्या सोफ्यावर बसून 'भाषा तुमची शुद्ध' म्हटलं त्याला मी चहा दिला, वर पोहे केले, पोह्यांवर खोबरं घातलं. त्या खोबऱ्याचा मला आजही राग येतो.

माहिती घ्यायला वाड्यात गेले. दादूस ओट्यावर जाळं शिवत बसला होता. मी पर्समधून वही काढली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कोनासाठी?"

"समितीची स्मरणिका निघतेय. इतिहास लिहायचाय."

"मंग नको."

"अरे, आपल्याच गावाचा आहे. आपण नाही सांगितला तर ते काहीही छापतील."

हे त्याला पटलं. सुई चालू ठेवून तो बोलत राहिला, माझ्याकडे न बघता. गलबतं कुठे लागायची, मिठागरातलं मीठ कुठे उतरायचं, कल्याणकडून गवताचे भारे कसे यायचे, कौलं भरून आलेलं एक गलबत तिवरांत कसं रुतलं आणि गावानं ती कौलं कशी आपापल्या छपरांवर चढवली. हे शेवटचं लिहू नको म्हणाला, मी लिहिलं नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यानं सुई खाली ठेवली.

"आनी एक नीट लिव, बाय. इथं बंदर हाय."

मला तो लहानपणापासून बाय म्हणतो. मी वहीत लिहिलं, 'बंदर आहे'. खाली रेघ पण मारली. ती वही माझ्याकडे आहे, ते पान आहे, रेघ आहे. कुणाला बघायचं असेल तर दाखवते.

घरी येऊन लेख लिहायला बसले आणि माझ्यातली बाई जागी झाली, शाळेतली बाई. गलबते लागत होती. मिठाचे ढीग पडत होते. हमालांच्या आरोळ्या घुमत होत्या. सगळी क्रियापदं छान भूतकाळात चालली होती आणि मध्येच हे एक 'आहे', दाढेत काटा अडकावा तसं. वाक्य वाचलं की जीभ तिथेच जायची. मुलांच्या निबंधात काळ बदलला की मी लाल शाईनं गोल करायची आणि अर्धा मार्क कापायची. तोच गोल मी इथे केला. लिहिलं, 'येथे पूर्वी कोळी बांधवांचे गजबजलेले बंदर होते.' मोठ्यानं वाचून बघितलं. कानाला गोड लागलं. दादूसच्या 'हाय'चं मी आधी 'आहे' केलं, मग 'आहे'चं 'होते' केलं, आणि 'पूर्वी' तर मी माझ्या पदरचं घातलं. कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या पौर्णिमेला स्मरणिका निघाली. मला शाल, श्रीफळ, फोटो. दादूसला मी एक प्रत नेऊन दिली. तो चौथी शिकलाय. वाचतो, पण ओळीवर बोट ठेवून, आणि त्याला ते कुणासमोर करायला आवडत नाही. त्यानं फोटो बघितले, प्रत फळीवर ठेवली. मी धरून चालले की नंतर वाचेल.

दिवाळीनंतर उताराच्या कडेला डेब्रिजच्या गाड्या यायला लागल्या. मग पेव्हर ब्लॉक आले, मग लोखंडी रेलिंग. समितीनं तिथे घाट करायचं ठरवलं होतं आणि वरून मंजुरीही आणली होती. विसर्जनाला सोय, बसायला बाकं, आणि परिसराचं नाव लिहिलेली मोठी लाल अक्षरं, शेजारी लाल बदाम. शेवटी कल्याणहून घडवून आणलेला तो दगड बसला. वाड्यात तेव्हा चार होड्या होत्या. दादूस आणि बाकीचे तिघं अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले, की साहेब, आमचं बंदर बुजतंय, काम थांबवा.

त्याच आठवड्यात एका भर दुपारी माझी बेल वाजली. दारात दादूस. तो माझ्याकडे येत नाही. तिसऱ्या मजल्यावर त्याला गुदमरतं म्हणतो. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि हातातली स्मरणिका पुढे केली. ओली झालेली, गुंडाळून गुंडाळून नळी झालेली.

"काय लिवलंस ते वाच."

मी चष्मा लावला आणि वाचलं, मोठ्यानं, शाळेत वाचायची तशी, आवाजाचे चढउतार सांभाळत. पहिलं वाक्य संपायच्या आत मला कळलं आणि मी वाचायची थांबले.

"सायबानं ह्येच वाचून दाखवलान," तो म्हणाला. "बोलला, तुमचीच बहीन लिवते बंदर होतं. जे होतं ते होतं. आता कशाला मागतास?"

"दादूस, ती लिहायची पद्धत असते."

"कसली पद्धत?"

 वर्षानुवर्षं मुलांना काळ शिकवले, साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती, आणि माझ्या भावाला सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

"मी तुना हाय बोललू," तो म्हणाला. "तू होतं लिवलंस. मी मेलू काय?"

आत ये म्हटलं, आला नाही. पाणी तरी घे म्हटलं, तर स्मरणिका चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि जिन्यानं उतरून गेला. मी दारात उभी राहून पायऱ्यांवरचे त्याचे पाय ऐकत होते. शेजारीण दार उघडून "कोण होतं?" विचारायला लागली. मी तिच्या तोंडावर दार लावलं.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. आधी साहेबावर, मग अध्यक्षावर, मग त्या छापखान्यावर. स्वतःवर यायला मी दोन दिवस घेतले.

वॉर्ड ऑफिसातला साहेब तरुण होता, गोड होता, त्यानं मला खुर्ची दिली. गोड माणसांचा मला फार संताप येतो. मी म्हटलं, ती काही सरकारी कागदपत्रं नाहीत, स्मरणिका आहे, अर्ध्या पानांत सोनारांच्या जाहिराती आहेत. तो म्हणाला, "पण इतिहास तुम्हीच लिहिलाय ना मॅडम? मी पूर्ण वाचला. अभ्यासपूर्ण आहे."

"चुकलंय ते. तिथे बंदर आहे. तुम्ही जाऊन बघा, होड्या बांधलेल्या दिसतील."

"बघितल्या. चार होड्या म्हणजे बंदर नाही ना होत."

"मग किती होड्यांचं होतं?"

तो हसला. प्रश्न मी गंभीरपणे विचारला होता, मला आकडा हवा होता. त्यानं माझा अर्ज घेतला, पोच दिली, आणि महिन्याभरात चौघांना नोटीस आली की घाटावरचे अडथळे दूर करा. दादूसच्या होडीला अडथळा म्हटलं होतं. मराठी मात्र शुद्ध होती, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं.

मग एकेक जण गळाले. दोघांनी होड्या मोडीत घातल्या. तिसऱ्यानं आपली समितीलाच देऊन टाकली. ती आता चौकात उभी आहे, निळी-पिवळी रंगवलेली, आत माती भरून झेंडूची रोपं लावलेली. वळसा घालताना रिक्षावाले पण तिच्याकडे बघत नाहीत. दादूसला पण समितीनं विचारलं होतं, दुसऱ्या चौकासाठी. त्यानं काय उत्तर दिलं ते वहिनीनं मला सांगितलं, पण ते मी इथे लिहू शकत नाही.

मी अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, शुद्धिपत्र काढा आणि दगडावरचं 'होते' काढून 'आहे' करा.

"एका शब्दासाठी मॅडम? आणि दगडावर खाडाखोड कशी दिसेल?"

"खाडाखोडीसारखी दिसेल. दिसू दे."

"इतिहास म्हणजे पूर्वीचाच असतो ना मॅडम," ते म्हणाले, "हे तुम्हीच आम्हाला शिकवायचं." माझा चेहरा बघून घाईघाईनं पुढे म्हणाले, "आपण असं करू. यंदाच्या पौर्णिमेला तुमचा सत्कार ठेवतो. माइक तुमच्या हातात देतो. तुम्हीच सांगा काय ते. समोर महापालिकेचे मोठे साहेब असतील, ते मनावर घेतील." आणि मी परत फसले. त्या माणसानं मला दुसऱ्यांदा शेंडी लावली आणि मी लावून घेतली, कारण मला वाटलं, बोलायला मिळालं तर मी जिंकेन. बोलण्यात मला कोण हरवणार?

यंदाची पौर्णिमा. स्टेज बरोबर उतारावर बांधलेलं, खाडीकडे पाठ करून. वाड्यातल्या पोरी कल्याणहून भाड्यानं आणलेल्या साड्या नेसून नाचत होत्या. ज्यांच्या आज्या तशाच साड्या नेसून टोपल्या उचलायच्या, त्यांना त्या नेसवायला बाहेरची ब्यूटीशियन. वाड्यातल्या पुरुषांना सारखे टी-शर्ट, पाठीवर समितीचं नाव. माझीच माणसं ती. एक चुलतभाऊ म्हणाला, "चल की, फोटोत ये." मी म्हटलं, तुला लाज आहे का? तो हसत निघून गेला. लाज वाटण्यासारखं त्याला काही दिसतच नव्हतं.

अध्यक्षांनी सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ हातात घेतला, दोन पावलं मागे गेले आणि फेकला. फास्ट बोलर फेकतो तसा. नारळ रेलिंगवर आपटला, उडाला आणि पाण्यात पडला. टाळ्या. माझी आई ते बघायला नव्हती हे किती बरं.

मग माझा सत्कार आणि माइक. मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं, चारच वाक्यं, सगळी वर्तमानकाळात. "त्या दगडावर मी चुकीचं लिहिलं आहे. इथे बंदर होतं असं नाही, इथे बंदर आहे. या स्टेजच्या मागे माझ्या भावाची होडी बांधलेली आहे. ती होडी इथेच राहिली पाहिजे."

 पहिल्या रांगेतल्या मोठ्या साहेबांनी मोबाइलवरून डोळे उचलले. मला वाटलं, लागलं. तेवढ्यात निवेदन करणारी मुलगी पुढे झाली, माझ्या हातातून अलगद माइक घेतला आणि म्हणाली, "किती सुंदर बोललात मॅडम! खरंय, बंदर होतं नाही, बंदर आहे... आपल्या प्रत्येकाच्या मनात! जोरदार टाळ्या!"

जोरदार टाळ्या पडल्या. मोठ्या साहेबांनी पण वाजवल्या. मी ओरडत होते, मनात नाही, मागे आहे, मागे बघा. पण माइक तिच्याकडे होता आणि ढोल सुरू झाले होते. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि मला हळूच बाजूला केलं, लग्नात फोटोच्या मध्ये आलेल्या म्हातारीला करतात तसं. त्या मुलीला मी दोष देत नाही म्हणावं असं मला वाटतं, पण खोटं कशाला बोलू, देते. माझ्याच कुणा सहकारी बाईनं तिला पाठांतर शिकवलं असेल.

मी स्टेजच्या मागे गेले. दादूस गुडघाभर पाण्यात उभा राहून होडीचा दोर सोडत होता. स्पीकर त्याच्या डोक्यावरच होता, म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं. डेब्रिज टाकून टाकून उतार इतका उथळ झाला होता की होडी फक्त पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीलाच तरंगणार होती. आज नाही निघाली तर पंधरा दिवस नाही, आणि तोवर समितीच्या गाडीनं उचलून नेली असती. म्हणून तो आजची भरती धरून होता. खाडीत खालच्या बाजूला एक गाव आहे, तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं त्याला होडी लावायला जागा देतो म्हटलं होतं. हे सगळं मला वहिनीनं सांगितलं. ती काठावर उभी होती, पदरानं तोंड दाबून. त्यानं स्वतः एक अक्षर सांगितलं नाही.

मी सिल्कची साडी गुडघ्यापर्यंत खोचली, चिखलातून गेले आणि होडीत चढून बसले. शाल अंगावर तशीच.

"उतर," दादूस म्हणाला.

"नाही उतरत. होडी इथून हलणार नाही. येऊ देत त्यांना, माझ्यासकट उचलू देत."

"पानी उतरंल. उतर."

"नाही म्हटलं ना."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी भांडायला तयार होते, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. त्यानं होडीला खांदा लावला, दोन धक्क्यांत बाहेर काढली आणि स्वतः वर चढला. इंजिन सुरू झालं. मी धरणं धरून बसले होते आणि आता मी सवारी होते. पाठीमागे स्टेजवर कोळीनाच परत सुरू झाला होता.

 पाणी काळं होतं, वास होता, एका पुलाखालून गेलो, मग तिवरं लागली. पर्समध्ये राखी होती. मी ती काढून म्हटलं, "दादूस, हात दे."

"हात कामात हाय," तो म्हणाला. एक हात इंजिनवर होता. दुसरा मांडीवर होता.

मी राखी परत ठेवली. वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला. मी चूक कबूल केली होती, साहेबाकडे गेले होते, भर स्टेजवर हसं करून घेतलं होतं. आणखी काय करायचं होतं मी? हे सगळं मी मनातल्या मनात त्याच्या पाठीला ऐकवलं. पाठीवर सदरा भिजून चिकटला होता आणि मला पहिल्यांदा दिसलं की तो किती वाळलाय.

त्या गावाचा काठ म्हणजे आमच्यासारखाच उतार, चिखल, दगड. सहा-सात होड्या ओढून ठेवलेल्या, एका होडीवर जाळं वाळत घातलेलं. तो म्हातारा वाट बघत बसला होता. त्यानं दोर झेलला, दादूसला एका कडेची जागा दाखवली आणि सांगितलं की कायमचं नाय हां, बघू कसं काय ते. दादूस मान हलवत होता. मी त्याला कुणासमोर असं मान हलवताना कधी बघितलं नव्हतं. स्वतःच्या बंदरावर तो कुणाला विचारून होडी लावत नव्हता.

मी चिखलात उतरले. शाल चिखलात लोळत होती, मी उचलली नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

"ह्या कोन?"

दादूस वाकून दोर दगडाला बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "शालेच्या मॅडम हायत."

 

म्हातारा मात्र खूश झाला. सदऱ्याला हात पुसून त्यानं मला नमस्कार केला. "लिवतात काय तुमी? मंग मॅडम, आमच्या गावाचं पन लिवा ना काहीतरी. आमचा बंदर पन जाम जुना हाय. कोन लिवीतच नाय."

मी तोंड उघडलं. दादूसनं गाठ आवळली, उभा राहिला आणि माझ्या आधी बोलला.

"नको," तो त्याला म्हणाला. "मना इथं होरी लावाची हाय."